शेवटचा एक राखून ठेव

नवा कॅमेरा हातात घेतला आणि क्षणभर फसलेच. दिसायला अगदी आमच्या जुन्या कॅमेऱ्यासारखा. वर चंदेरी पट्टी, अंगाला खरखरीत काळं कातडं, कडेला दातेरी चकती. आत मात्र रोल नाही, सगळा कारभार डिजिटल. बटण दाबल्यावर होणारा 'खट्ट' आवाजसुद्धा खोटाच, आतल्या इवल्याशा स्पीकरमधून येणारा. तरी तो ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाच राग आला.

बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी कॅमेरा रोखला तसा त्यांनी पेपर बाजूला ठेवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि श्वास रोखून ताठ बसले. मोबाइलसमोर ते असे कधीच बसत नाहीत. मी भराभर फोटो काढत सुटले, तेव्हा मात्र ते कासावीस झाले.

"अगं, जपून! शेवटचा एक राखून ठेव, सगळ्यांचा."

आमच्या घरची रीतच होती ती. रोल संपत आला की शेवटचा फोटो सगळ्यांचा. आई पदराला हात पुसत बाहेर यायची, दादा शेजारच्या काकांना कॅमेरा धरायला बोलवायचा. आता आई नाही, आणि दादा आमच्याशी बोलत नाही. या कॅमेऱ्यात हजारो फोटो मावतील, पण तो एक आता निघायचा नाही.

"बाबा, यात रोल नसतो. हवे तेवढे काढता येतात."

"हवे तेवढे," बाबा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी वरचं बटण सोडलं आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.