जाऊबाईंनी पुसलेलं प्लास्टिक

माझ्या जाऊबाईंना, म्हणजे तुझ्या थोरल्या आजीला, घाणीची भारी किळस. तशी किळस मलाही येते, कुणाला येत नाही? पण त्यांची गोष्टच निराळी. भाजीत केस निघाला तर आपण केस काढून जेवतो. त्या भाजी टाकायच्या, भांडं घासायच्या आणि वर महिनाभर ती भाजीच करायच्या नाहीत. दवाखान्यात झाडू-फरशीचं काम तीस वर्षं केलं. सगळे त्यांना फिनेलबाई म्हणायचे. तोंडावर म्हटलं तरी राग नाही, उलट मान ताठ व्हायची.

आणि अशा बाईचं घर कुठं? तर एका बाजूला धान्याचं गोदाम, दुसऱ्या बाजूला डुकरंवाल्याची पत्र्याची शेड. गोदामाच्या आवारात मोठं झाड होतं, त्याला वटवाघळं लटकलेली. किती म्हणून सांगू, फांद्या वाकायच्या! दिवसभर किचकिच, आणि खाली नुसता चिखल. चघळून थुंकलेली फळं, लेंड्या, मूत. शी! ऊन तापलं की असा भपकारा यायचा, खिडकी लावून जेवायला बसायचो तरी घास फिरायचा तोंडात. इकडून वारा आला तर वटवाघळं, तिकडून आला तर डुकरं. जाऊबाई म्हणायच्या, "देवानं नाक दिलं ते सूड उगवायलाच."

त्या वर्षी गोदामातले तीन हमाल तापानं पडले. साधा ताप नव्हे, माणूस बरळायचा, घरच्यांना ओळखायचा नाही. एक तर गेलाच. मग मोठ्या प्रयोगशाळेतून एक डॉक्टरीणबाई आली, बरोबर दोन मदतनीस. तिनं मला अगदी सोपं करून सांगितलं, "ताई, हा व्हायरस मुळात कुठल्या तरी जनावरात घर करून राहतो. त्या जनावराला काही होत नाही, ते मजेत असतं. माणसात आला की माणूस आडवा. ते घर कुठलं, तेच शोधतोय." डुकरांचं रक्त घेऊन गेले, त्याचा रिपोर्ट यायला वेळ होता. वटवाघळांचं काय, तर त्यांचं मूत गोळा करायचं!

झाडाखाली पांढरं प्लास्टिक अंथरायचं. पहाटे वटवाघळं खाऊन परत आली की मुततात, ते थेंब उजाडल्यावर ही माणसं नळीनं ओढून घेणार. अंथरायला हात स्वच्छ असलेलं माणूस पाहिजे होतं. दवाखान्यानं नाव दिलं फिनेलबाईंचं. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा घालून त्या निघाल्या की मी हसायचे. त्या म्हणायच्या, "हस. तुला धुवायला घेते आधी."

आठ दिवस काम चाललं. पुढं रिपोर्ट आला, वटवाघळांत काही नाही.

झालं! लोकांनी ठरवून टाकलं, डुकरंच. नगरपालिकेवर मोर्चा गेला. डुकरांचा रिपोर्ट येईपर्यंतही कुणी थांबेना. सोमवारी सगळी मारून पुरायची, असं ठरलं. जाऊबाईंनी मोठा श्वास घेतला. "चला, एक नरक तरी मिटला."

डॉक्टरीणबाई सामान बांधायला लागली, निरोप घ्यायला आमच्या पायरीवर टेकली. म्हणाली, "मावशी, इतकं स्वच्छ प्लास्टिक मी कुठंच बघितलं नाही. बाकी ठिकाणी थर साचतो, इथं जेमतेम चार थेंब मिळायचे."

जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ती गेल्यावर मी दार लावलं. "काय केलंत?"

"पुसत होते," त्या म्हणाल्या. "रोज. ती यायच्या आधी, फिनेलनं. पाहुणी येणार आणि ती घाण तिच्यापुढं तशीच ठेवू?"

"अहो, घाणीसाठीच यायची ना ती!"

"मला काय माहीत! आणि आता बोलून काय? दवाखान्यात तीस वर्षांचं नाव आहे माझं. डुकरं गेली तर तुलाच सुख आहे."

खोटं कशाला बोलू, मलाही डुकरं नकोच होती. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही शिसारी येते.

रविवारी सकाळी डुकरंवाला दारात आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात साबणाची वडी. मागं शेडमध्ये त्याची मोठी डुकरीण फेसानं पांढरी झालेली. म्हणाला, "बाई, थोडं फिनेल देता? सगळ्यांना घासून काढतोय. उद्या साहेबांना स्वच्छ दिसली, तर सोडतील कदाचित."

जाऊबाईंनी भरलेली बाटली त्याच्या हातात दिली. हातात! एरवी दगडावर ठेवून मागं सरल्या असत्या. मग चपला घातल्या आणि डॉक्टरीणबाई गाव सोडायच्या आत तशाच तिच्याकडं गेल्या. मी मागोमाग.

सगळं ऐकून तिनं तोंड असं केलं, जशी चहात पाल पडलीय. "आठही दिवस?"

"आठही दिवस. चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय बाई, आणि चोराला मीच आंघोळ घातली. दवाखान्याला कळवायचं तर कळवा."

तिनं आधी नगरपालिकेला फोन लावला. डुकरं मारायचं थांबलं. मग म्हणाली, "पुन्हा अंथरायचं. आणि मावशी, हात मागं बांधून उभं राहायचं."

राहिल्या बाई! प्लास्टिकवर पिवळे थेंब टपटप पडतायत, लेंड्या पडतायत, आणि या मुठी आवळून बघतायत. दोनदा लांब पळत जाऊन ओकल्या, चूळ भरून परत आल्या. पुसलं मात्र नाही. या खेपेला व्हायरस सापडला, वटवाघळांतच. डुकरांचं रक्तही साफ निघालं.

आणि हमालांना कसा लागला, ठाऊक आहे? त्या झाडाखाली पाण्याची उघडी टाकी होती. येता-जाता तेच पाणी प्यायचे बिचारे. आई गं! टाकीला झाकण बसलं. झाड काही तोडलं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाली, हुसकावलीत तर गावभर पसरतील. म्हणून वास अजून आहे तसाच.

डुकरंवाला आला परत, नवी फिनेलची बाटली घेऊन. इस्त्रीचा शर्ट घातलेला, तरी वास त्याच्याआधी दोन पावलं आत आला. जाऊबाईंनी नाक दाबलं, पण खुर्ची पुढं केली. "बसा."

तो गेला आणि त्यांनी ती खुर्ची तीनदा धुतली. त्याच बाटलीतल्या फिनेलनं.