बोळात अडकलेली पालखी

नकाशा कागदावर दाखवला की माणसं "छान, छान" म्हणतात आणि राहायला आली की मला शिव्या घालतात. म्हणून मी बांधकामाआधी मोकळ्या जमिनीवर फक्कीने अख्खा मजला खऱ्या मापात आखते आणि माणसांना दिवसभर त्यात राहायला लावते.

महाडच्या कडेला, औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यालगत एक वाडी होती. तिथल्या कुटुंबांनी घरं पाडून एका बिल्डरला जागा द्यायचं ठरवलं होतं. बदल्यात त्यांना नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार होते. पहिल्या मजल्याची आखणी झाली, वाडी आत शिरली आणि भांडणं सुरू झाली. "माझ्या भिंतीतून काय बघतेस गो?" एक बाई शेजारणीवर खेकसली. रात्रपाळी करून आलेला एकजण आपल्या बेडरूमच्या चौकोनात तोंडावर टॉवेल घेऊन आडवा झाला आणि "पोरांना हॉलमध्ये न्या रे!" म्हणून ओरडला. एक आजोबा संडासात बसून जागा पुरते का ते गंभीरपणे तपासत होते. आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली.

मी खुशीत होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या फ्लॅटच्या काकी दोन फ्लॅटांच्या मधल्या बोळात आल्या. "पालखी इथून वळंल का गो बाय?"

शिमग्याला ग्रामदेवीची पालखी वाडीत घरोघरी येते. काकींचे दोन्ही मुलगे मुंबईला. एरवी त्यांना सुट्टी मिळत नाही, पण पालखी दारात येते त्या दिवशी हजर. "पालखी खालनंच गेली तर पोरं पन खालनंच पाया पडून जातील," काकी म्हणाल्या. "मंग मला नको तुझी बिल्डिंग. माझं घर हाय तसं राहू दे."

हे काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझा जिना रुंद होता, बोळही ऐसपैस होता. पण वाया जातो म्हणून बिल्डरने त्यातला फूटभर कापून फ्लॅटमध्ये घातला होता. माझा तेव्हापासून त्याच्यावर दात होता.

"मॅडम, देवी येणार वर्षातून एकदा," शेजारी उभा असलेला बिल्डर म्हणाला.

"करून बघू," मी म्हटलं.

पालखीच्या दांड्याएवढी शिडी आणली, मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची बांधली. रिकामी पालखी कशीही वळेल, वजन पाहिजे, असं खांदेकऱ्यांचं मत पडलं. सगळ्यांनी बिल्डरकडे पाहिलं. माणूस अंगाने भरलेला, शिवाय तिथे तो एकटाच रिकामा. नको नको म्हणेपर्यंत तो खुर्चीत होता. कोणीतरी डबा बडवायला घेतला, आणि खांद्यावर शिडी आल्यावर त्या मंडळींचे पाय थांबतात होय? त्यांनी त्याला नाचवतच आणलं. "हळू रे, हळू!" तो ओरडत होता.

वळणावर शिडी अडकली. "भिंत हाय! भिंत हाय!" अख्खी वाडी ओरडली. समोर नुसती फक्कीची रेघ, पण ओलांडायची कोणाची छाती होईना.

"मागे घ्या," बिल्डर म्हणाला.

"देवी मागं फिरत नाय," काकींनी बजावलं.

"मग मी उतरतो."

"देवी मधीच उतरत नाय."

डबा वाजतच होता. उन्हात बिल्डरचा घामाने निथळून अवतार झाला होता. "मॅडम, भिंत सरकवा!"

"किती?"

"तुमची आधी होती तेवढी! लवकर!"

मी पायाने रेघ पुसली आणि फूटभर मागे दुसरी ओढली. शिडी अलगद वळली आणि काकींच्या दारात थांबली. सवयीने त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि वर बसलेलं ध्यान बघून त्यांना इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या.

इमारत उभी राहिली, वाडी राहायला गेली आणि यंदाच्या शिमग्याला मी मुद्दाम गेले. खरी पालखी जिन्याने वर आली, पुढचे खांदे काकींच्या मुलांचे. वळणावर त्यांनी ती मनसोक्त नाचवली. मला भरून आलं. शेजारीच बिल्डर उभा होता आणि बोळ रुंद ठेवायची कल्पना आपलीच, असं पाहुण्यांना सांगत होता. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, तोच काकींनी माझा हात दाबला. त्यांची नजर मुलांवरून हलत नव्हती.

"बोलू दे गो त्याला," त्या म्हणाल्या. "देवीच्या आधी तोच आला होता माझ्या दारात."