केळ्याचं आईस्क्रीम आणि तुपाचा हात

भांडी घासायला येणाऱ्या मावशींमुळे मी त्या दिवशी वाचले, हे आधीच सांगते. मावशी कशेळ्याच्याच, घरची भातशेती. मी लातूरकडची, सातवीतून शाळा सुटलेली, कशेळ्याजवळच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला. ह्या मुलखात मला दुसरं कुणी नाही.

मालकीणबाई मुंबईला असतात. मे महिन्यात त्यांची पाच वर्षांची नात यायची होती. तिला दूध चालत नाही. चालत नाही म्हणजे अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. एकदा श्वास अडकून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बाईंनी फोनवर निरोप बोलून पाठवला : "पोरीने अजून एकदाही आईस्क्रीम खाल्लेलं नाही. दूध नको, साखर नको, फळांचंच कर." तो निरोप मी सात-आठ वेळा ऐकला. तरी प्रत्येक वेळी वाटायचं, काहीतरी निसटलं.

करायला तसं अवघड नव्हतं. पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या फ्रीजरमध्ये कडक करायच्या, मग आंब्याचा रस, चार खजूर आणि नारळाचं दूध घालून मिक्सरला फिरवायचं. मऊसूत होतं. मी आदल्या दिवशीच केलं आणि ताटात ओतून गोठवलं. सकाळी पाहिलं तर छान बसलं होतं. वड्या पाडायच्या, एवढंच राहिलं होतं.

मावशी वाकून बघायला लागल्या.

"सुटंल ना गं ताटातून?"

"सुटेल की. तुपाचा हात फिरवलाय."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तूप कशापासून निघतं गं बाय?"

दूध, दही, साय, सगळं मी लांब ठेवलं होतं. पण वडी थापायची म्हणजे ताटाला तूप लावायचं, हे लहानपणापासून हातात बसलेलं. हाताने लावून टाकलं, डोक्याला कळलंसुद्धा नाही.

"खालचा थर खरवडून टाकला तर?" मी विचारलं. आज लिहितानाही लाज वाटते.

"तुझी पोर असती तर दिलं असतंस?"

मी ताट मोरीत पालथं केलं. आंबे होते, नारळ होता, केळं एकही उरलं नव्हतं. मावशी तशाच ओल्या हातांनी घरी गेल्या आणि परसातल्या केळीच्या दोन फण्या घेऊन आल्या. दुसरं ताट, सुरी, मिक्सरचं भांडं उकळत्या पाण्याने दोनदा धुतलं. मला तेवढ्यानेही धीर येईना.

"माझ्या घरचा मिक्सर आणू?" मावशी म्हणाल्या. "पण लसणीचा वास हाय त्याला. पोर म्हणंल, आजीनं आईस्क्रीम म्हणून चटणी चारली."

मला हसू आलं नाही. चकत्या पातळ कापून फ्रीजरमध्ये सरकवल्या, आणि तेवढ्यात लाईट गेली. अर्धा तास मी फ्रीजरच्या दाराशी उभी. हात सारखा दाराकडे जायचा.

"उघडू नको गं. पळून जात नाय ती केळी."

लाईट आली, मागोमाग गाडीही आली. बाई सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांना मोरीतलं ताट आणि सांडलेलं आईस्क्रीम दिसलं.

"हे का फेकलं?"

माझ्या आधी स्वयंपाकाला असलेल्या बाईला एका चुकीवरून काढलं होतं, हे मला माहीत होतं. मी ओटा पुसायला लागले. मावशी ताट घासता घासताच म्हणाल्या, "माझा तुपाचा हात लागला ताटाला, बाई. हिनं बघितलं, म्हणून फेकलं."

बाईंचा चेहरा उतरला. मग त्या मावशींना खूप बोलल्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझं लक्ष होतं म्हणून बरं." मी मान खाली घालून उभी राहिले.

दुपारी केळी कडक झाल्यावर मी आईस्क्रीम नव्याने फिरवलं आणि पोरीने दोन वाट्या खाल्ल्या. हनुवटीवरून पिवळे ओघळ, वर आणि "अजून!" मी दाराआडून तिचे ओठ बघत होते. संध्याकाळपर्यंत चार वेळा काहीतरी निमित्त काढून बघून आले. काही झालं नाही.

त्या दिवसापासून मावशींनी खाण्याच्या कशालाच हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलंय. पूर्वी त्या माझ्याबरोबर भाकऱ्या थापायच्या, नारळ खवायच्या. आता फक्त मोरी आणि अंगण. मी म्हटलं, बाईंना खरं सांगते.

"गप बस. तुला काढली तर जाशील कुठं? माझं घर हाय इथं."

मी गप्प बसले. अजून गप्पच आहे. बाई येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून वाक्य जुळवून ठेवते, आणि त्या समोर आल्या की चहा ठेवायला वळते. पण एक दिवस मी सांगणार आहे. मावशींना शेजारी उभं करून सांगणार आहे, की तूप मी लावलं होतं. मग मला ठेवोत नाहीतर काढोत.