मखराचे दिवे

आमच्या दहिसरच्या खोलीत ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की मेन स्विच पडतो. म्हणून मुलाने भिंतीवर बॅटरी बसवली. मीटरला झेपत नाही तेवढं ती देते. आमच्या हिला श्वासाचं मशीन लागतं, ते थांबून चालत नाही.

गणपतीला सगळे नातेवाईक जमले. एसी, मखराची रोषणाई, सगळं चालू. आरत्या सुरू झाल्या आणि आमच्यात प्रत्येक जण आपली एक म्हणतोच. मी देवाकडे पाठ करून बॅटरीचा आकडा बघत उभा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण आकडा उतरतोय एवढं कळतं.

"बाबा, बसा ना आता. ती आपोआप करते सगळं," सून म्हणाली.

"आणि संपली की? स्विच पडणार, मशीन बंद."

आकडा दहावर आला आणि मेहुण्याने नवीन आरती उचलली. मी एसी आणि रोषणाई बंद केली.

"भावोजी, देवाला अंधारात ठेवता?"

"त्याला समई आहे. तुझ्या बहिणीला हवा कोण देणार, तू?"

कोणी हसलं नाही. मेहुण्याने आरती पुढे चालवली, पण हळू आवाजात. आकडा दहावरच थांबला. आतून मशीनची घरघर येत होती, आणि तिच्या जोडीला हिच्या टाळ्या.