काकूंचं वरचं कोर्ट

"वर कोण आहे?" असं विचारताना काकूंची तर्जनी छताकडे जायची. देवाकडे नव्हे, साहेबाच्या वरच्या साहेबाकडे. लिफ्टमध्ये कुणी घाण केली तरी त्यांचा फोन थेट वर. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेलच.

मी आठवीत शाळा सोडलेला, इथं परदेशात जुरोंगच्या जहाजांच्या यार्डात वेल्डर. हात भाजला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, किरकोळ आहे, काम कर. वर्क परमिट जाईल या भीतीनं मी गप्प बसलो. रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला काकूंकडे जेवायला गेलो, त्यांनी पट्टी पाहिली आणि सोमवारी त्या मॅनेजरसमोर उभ्या. रजा मिळाली. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "उपकार-बिपकार काही नाही. आमटी घे."

त्यांचा एकुलता मुलगा अमेरिकेत शिकतो. निदर्शनात फलक धरून उभा राहिला, म्हणून तिथल्या राज्यानं त्याच्यावर फौजदारी खटला भरला. काकू शांत होत्या. "राज्याच्या वर फेडरल कोर्ट आहे, अख्ख्या देशाचं. ते थांबवेल खटला." मलाही पटलं. यार्डात मोठ्या साहेबानं हात वर केला की क्रेन जागच्या जागी थांबते.

मुलानं केलेल्या अर्जावर त्या कोर्टाचा निकाल आला तेव्हा मी काकूंच्या स्वयंपाकघरातच होतो. फोन स्पीकरवर होता.

"आई, ते मध्ये पडणार नाहीत. राज्याचा खटला चालू आहे, तुझं म्हणणं तिथंच मांड, म्हणाले."

"म्हणजे त्यांना अधिकार नाही?"

"आहे गं. पण क्वचितच वापरतात."

"तू काही केलं नाहीस, हे सांगितलंस ना?"

"ते त्यांनी विचारलंच नाही."

फोडणी जळली, घरभर धूर झाला, तरी काकूंचा हात हलेना. गॅस मी बंद केला. वरचा माणूस नाही म्हणतो, हे मला माहीत होतं. तो 'तिथंच जा' म्हणतो, हे नव्हतं.

त्याच आठवड्यात त्या अमेरिकेला निघाल्या. विमानतळावर बॅग माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "काय रे, मला न्यायाधीशांशी बोलू देतील?"

"नाही देणार बहुतेक, काकू."

खटला अजून चालूच आहे. त्या तिकडेच आहेत. त्या दिवशी काचेच्या दारापाशी क्षणभर थांबून त्यांनी पदर सारखा केला होता.

"बरं. मग मी त्यांना रोज समोर दिसेन."