दाजींच्या सॉल्व्हरला न दिसलेलं इंजेक्शन

आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, टेक्निकल कॉलेजात गणित शिकवतात आणि उरलेल्या वेळात जगावर उपकार करतात. गणिताचं एक सॉफ्टवेअर आहे. कुणीही फुकट घ्यावं, कुणीही उघडून त्यात भर घालावी असं. त्यात विकलक समीकरणं सोडवायची धड सोय नव्हती. त्यामुळे आणखी कुणाची झोप उडाली होती कोण जाणे, पण दाजींची उडाली. तीन वर्षं ते ती सोडवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर, लिहीत होते. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय. स्वयंपाकघरातला नळही तेवढीच वर्षं गळत होता, पण तो पडला घरचा.

ही समीकरणं म्हणजे काय, ते त्यांनी मला माझ्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाईक ताटकळत ठेवून समजावलं होतं. एखादी गोष्ट आत्ता किती वेगानं बदलतेय हे माहीत असेल, तर ती पुढे कुठे पोचेल ते पावलापावलानं काढायचं. बदल जोरात असेल तर छोटी पावलं, सगळं शांत असेल तर लांब ढांगा. "त्यानं वेळ वाचतो," दाजी म्हणाले. वाचलेला वेळ ते कुठे ठेवतात, हे ताईला अजून सापडलेलं नाही.

या सॉफ्टवेअरसाठी लोकांनी पाठवलेलं काम पसंत करणारा माणूस कुठल्या तरी दुसऱ्या खंडात राहतो. फोटोच्या जागी त्यानं घुबड लावलंय, म्हणून आम्ही त्याला घुबडच म्हणतो. या घुबडानं स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा असल्या कारणांवरून दाजींचं काम कितीदा तरी परत पाठवलं. स्वतःच्या सासऱ्यांपुढे कधी न वाकलेले दाजी त्याला "आपलं म्हणणं रास्त आहे" असं लिहायचे. शेवटी घुबड पाघळलं. रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण शुक्रवारपर्यंत जोडा, नव्या आवृत्तीत घेतो. हुकलं तर पुढची आवृत्ती थेट वर्षानं.

आता रोजचं जगणं दाजी कुठून आणणार? ते ताईच्या खात्यात. ती हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं भाजी चिरता चिरता उदाहरण दिलं: संध्याकाळी पाचला इंजेक्शन, दहा मिनिटांत हळूहळू शिरेत सोडायचं, मग रक्तातलं औषध कमी कमी होत जातं.

बुधवारी मी चहाला गेलो तेव्हा आलेख तयार होता. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत एक सपाट रेघ.

"औषध कुठाय?" ताईनं विचारलं.

"रक्तात औषध नाही, असं उत्तर आहे. बारा दशांश स्थळांपर्यंत अचूक."

"मी रोज देते हो ते इंजेक्शन. भिंतीला देते का?"

दाजींनी बराच वेळ खटखट केली आणि मग त्यांचा चेहरा उतरला. सकाळपासून सगळं शांत म्हणून सॉल्व्हरची ढांग लांबत गेली होती. एक ढांग पाचच्या आधी सुरू झाली ती साडेपाचच्या पुढे पडली. इंजेक्शन मधल्या मधे राहिलं.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "दुसरं उदाहरण द्या. चहा निवण्याचं द्या. घुबडाला काय कळतंय?"

पण दाजी ताईला समजावण्यात गुंतले होते. "अगं, त्याचा तरी काय दोष? सगळं शांत दिसलं की तो लांब पाऊल टाकतो. मधे काही होऊन गेलं तर त्याला पत्ताच लागत नाही. आधी सांगून ठेवायला हवं, की इथे थांब."

ताईनं हातातली भाजीची सुरी खाली ठेवली. "गेल्या साली मी गाठ काढून घेतली. तीन दिवस हॉस्पिटलात होते. ड्यूटीवर नव्हे, खाटेवर."

दाजी माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणून मान हलवली. डबा मीच पोचवत होतो.

"गाठ साधी निघाली," ताई म्हणाली. "पण दाखवायला जावं लागतं. या शुक्रवारी आहे."

"मला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं. दोनदा. तुम्ही 'हं' म्हणालात."

वर्षभर मी दाजींवरचा राग गिळून होतो. आता चांगला काढावा म्हटलं, पण त्यांचं तोंड बघून परत गिळला.

त्याच संध्याकाळी त्यांनी घुबडाला कळवलं, की सॉल्व्हर आंधळा आहे, तूर्त घेऊ नका. आयुष्यात पहिल्यांदाच घुबड गोड बोललं. चूक छोटी आहे, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, मी थांबतो. दाजींनी एका ओळीत उत्तर दिलं: शुक्रवारी मला काम आहे.

शुक्रवारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दाजींशिवाय निघाली, आणि जग काही बुडालं नाही. दाजी तेव्हा हॉस्पिटलातल्या बाकावर बसले होते. मांडीवर लॅपटॉपऐवजी ताईची पर्स होती आणि ती दोन्ही हातांनी धरलेली होती. दार उघडून कुणीतरी ताईचं नाव पुकारलं.

"चला, बोलावलंय," ताई म्हणाली.

"हं," दाजी म्हणाले, आणि दचकून उभे राहिले.