मागून आणलेलं झबलं

जुन्या कपड्यांना किती वास असतात, हे ज्याने कधी दारोदार ते गोळा केले नाहीत त्याला मी काय सांगू! ट्रंकेतल्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास, दोरीवरून काढून थेट हातात दिलेल्यांना उन्हाचा, आणि एखाद्या लुगड्याला तर ते नेसणाऱ्या बाईचाच. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं म्हटली की लोकांना सभा आठवतात, घोषणा आठवतात. मला आधी तो वास येतो. मग ठाकूरद्वारच्या वाड्यांमधली दुपार दिसते, लाकडी जिने दिसतात, आणि गाठोडं काखोटीला मारून चाललेली मी. तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नसत.

कॉलेजचं पहिलंच वर्ष होतं. एका मंडळाचे चिटणीस आमच्या वाडीत आले. मंडळाचं नाव घेत नाही, तेवढी त्याची लायकी नाही. पांढरंशुभ्र धोतर, मऊ आवाज, बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. "ताई, कुणाचं माणूस गोळीबारात गेलं, कुणाचा कर्ता पुरुष तुरुंगात आहे. त्यांच्या लेकराबाळांच्या अंगावर आज धड कपडा नाही," असं ते म्हणाले, आणि आम्हा पोरींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दंडावर बांधायला एकेक भगवी फीत मिळाली. बस्स, तेवढ्यावर आम्ही त्यांच्या झालो.

सकाळी वर्ग, दुपारी कपडे. कधी गिरगाव, कधी पार डिलाईल रोडच्या चाळी. दारात उभं राहून म्हणायचं भाषण मला तोंडपाठ होतं. बायका ते ऐकायच्या, पदर तोंडाला लावायच्या आणि आत जाऊन ट्रंक उघडायच्या. बोहारणीला घालून भांडं घ्यायचं म्हणून साठवलेले कपडे त्या आम्हाला द्यायच्या. म्हणजे घरात येणारं पातेलं गेलंच म्हणायचं. परत येताना दुपार पिवळी, सुस्त झालेली असे. कुठल्यातरी खिडकीत कुणीतरी पेटीवर एकच सूर पुन्हा पुन्हा धरत असे, खाली गल्लीत एखादी गाय उभ्या उभ्या झोपलेली असे. मला वाटे, ही सगळी मुंबई म्हणजे एक मोठं घर आहे, आणि मी या खोलीतले कपडे त्या खोलीत नेऊन ठेवते आहे. अजूनही डोळा लागता लागता कधीकधी मी त्याच जिन्यांवरून चढत असते, आणि वर कुणीतरी माझी वाट बघत असतं.

घरी मात्र सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. वहिनीला दिवस गेले होते. आधीची दोन्ही बाळं प्रसूतिगृहातच गेली होती. दोन्ही वेळा ती रिकाम्या हातांनी जिना चढून वर आली, आणि दोन्ही वेळा चाळीतल्या बायकांनी आपापली दारं हळूच लोटून घेतली, तिला कुणाच्या नजरेला नजर द्यायला लागू नये म्हणून. दादा बदलीवर जळगावला होता, सणावारी यायचा. त्यामुळे वहिनीचं सगळं आईवर आणि माझ्यावर होतं.

आईने ठरवलं, या बाळाच्या अंगाला आधी आपल्या घरचा कपडा लावायचाच नाही. मागून आणलेला लावायचा. ज्या घरातली मुलं हसतीखेळती आहेत अशा पाच घरी जायचं, पदर पसरायचा, आणि त्या मुलांनी वापरलेलं जुनं झबलं, टोपडं, दुपटं मागून आणायचं. नवं शिवायचं नाही, विकत घ्यायचं नाही, आणि एकदा मागितलं त्या घरी पुन्हा जायचं नाही. असं केलं की मूल टिकतं, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. मुख्य म्हणजे याची वाच्यता करायची नाही. पुरुषांपाशी तर नाहीच नाही. पुरुष चार लोकांत बोलून बसतात आणि मग दृष्ट लागते.

मी कॉलेजात जाणारी, मला हसू आलं. आईने माझ्याकडे असं बघितलं की ते घशातच राहिलं.

आईने कपडे मागून आणले, धुतले, फाटलं होतं तिथे टाके घातले, आणि त्याचं लहानसं गाठोडं बांधून आतल्या दारामागच्या खुंटीला अडकवलं. दुपारी सगळं आवरलं की वहिनी ते मांडीवर घेऊन बसायची. गाठ सोडायची, एकेक झबलं नाकाशी न्यायची, पुन्हा घडी घालायची. "वन्सं, हे बघा, याच्यावर वरणाचा डाग आहे. जेवताना सांडत असणार मेला," असं म्हणून स्वतःशीच हसायची. तेवढा वेळ तिच्या चेहऱ्यावर भीती नसायची. बाकी ती सदा घाबरलेली, चालताना, जेवताना, झोपेतसुद्धा. मला ती फार आवडायची. तिचं बाळ राहावं असं मला इतकं वाटायचं की माझं त्या रूढीवरचं हसू कधी गेलं ते कळलंच नाही.

आमचे बाबा सरकारी कचेरीत कारकून. मोर्चात गेले असते तर नोकरी गेली असती, आणि न गेल्याची टोचणी त्यांना आतून खात होती. मोर्चा खालून गेला की ते गॅलरीत उभे राहायचे आणि ओठ हलवायचे, आवाज न काढता. मी दंडाला फीत बांधून निघाले की उगीचच माझ्या चपला पुसून ठेवायचे. असे आमचे बाबा.

एका रविवारी आई वहिनीला तपासणीला घेऊन गेली होती. मी डिलाईल रोडला. मंडळाच्या दुसऱ्या मुली आमच्या चाळीत कपडे मागत आल्या. बाबांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी दारामागे बघितलं, तर जुन्या कपड्यांचं गाठोडं, वरून लहान मुलाचं टोपडं डोकावतंय. त्यांना वाटलं, माझ्या लेकीने जमवलेलं दिसतंय, घाईत विसरून गेली. उघडून बघायची गरजच काय? काढलं आणि दिलं. वर स्वतःचा चांगला कोटही दिला.

मी घरी पोचले तेव्हा वहिनी त्या रिकाम्या खुंटीखाली बसलेली होती. रडत नव्हती. आई बाबांसमोर उभी. "अहो, काय करून बसलात हे!" बाबांना तेव्हा सगळं कळलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. "मला सांगायचं तरी," एवढंच ते म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

"आणते मी," म्हणून मी तशीच निघाले. मंडळाचा गाळा लालबागला होता, मसाला कुटणाऱ्या डंकांच्या मागच्या बाजूला. आम्ही गाठोडी गिरगावातल्या एका माडीवर पोचती करायचो, तिथून ती गाळ्यावर जायची. गाळ्यावर आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं. बोलावणंच नसायचं. ट्रॅममध्ये बसले तर ती चालतेय की नाही हेच समजेना. दुकानांच्या पाट्या पाण्याखालून दिसाव्यात तशा हळूहळू सरकत होत्या. मी मनातल्या मनात एकच घोकत होते, टोपड्याला हिरवा गोट आहे, टोपड्याला हिरवा गोट आहे.

गाळ्यात पाऊल टाकलं आणि सटासट शिंका सुरू झाल्या. हवेत मिरचीची धूळ तरंगत होती, तिरप्या उन्हात लाल दिसत होती. आणि त्या उन्हात कपड्यांचे ढीग. एका बाजूला जरीची लुगडी. जर जाळून चांदी काढणारा माणूस ती चाचपून बघत होता. दुसरीकडे धड सदरे, परकर, कोट, आणि पुढ्यात उकिडवे बसलेले जुन्या बाजारातले व्यापारी. कोपऱ्यात बायका कात्रीने बटणं काढून फाडाफाड करत होत्या. मधोमध तराजू टांगलेला. तुरुंगात असलेल्यांच्या लेकराबाळांचं तिथे नावसुद्धा नव्हतं.

"लहान मुलांचे कपडे कुठे आहेत?" मी एका बाईला विचारलं.

"ते राहतात होय इथे? ते पयले जातात. मऊ असतात नाय, मशिनी पुसायला गिरणीवाले नेतात. आताच गेला टेम्पो," ती म्हणाली आणि पुढचा परकर टर्रकन फाडला.

टेम्पो म्हणाली की हातगाडी, आता नक्की सांगता येणार नाही. तो परकर फाटल्याचा आवाज मात्र अजून कानात आहे.

चिटणीस आतून आले. तेच शुभ्र धोतर. मी विचारलं, "एक घर दाखवा मला. एकच. जिथे आम्ही आणलेला एक कपडा पोचला." मध्येच मला शिंक आली; काय करणार, रागाच्या ऐन भरात शिंका! ते डोळे मिटून हसले. "ताई, तुम्ही अजून लहान आहात. चळवळ म्हटली की तिला खर्च असतो. आणि कपड्याचं काय एवढं? त्या ढिगातलं दुसरं कुठलंही गाठोडं घ्या ना. कपडा तो कपडाच."

"मेल्या, तुझ्या तोंडात चळवळ हा शब्द शोभत नाही!" मी ओरडले. वडीलधाऱ्या पुरुषाला अरे-तुरे करायची माझी ती पहिलीच वेळ. तराजूवाला हात थांबवून बघायला लागला. चिटणिसांना काडीचा फरक पडला नाही. मी ढिगातून एक टोपडं उचललंसुद्धा, निळं, छान होतं. पण ते कुणाच्या तरी आईने भलत्यासाठीच दिलेलं, आमच्या वहिनीसाठी नाही. ठेवून दिलं आणि परत आले.

मंडळाचं बिंग मी चाळीत सगळ्यांपुढे फोडलं. वाडीवाडीतून ते पसरायला वेळ लागला नाही. त्याने आमचं काय भलं झालं? वहिनीने जेवण टाकलं. "मागून आणलेलंसुद्धा राहिलं नाही, वन्सं," ती म्हणाली. "आता काय समजायचं ते समजले मी." तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही खात नाही, असं चाललं तर कठीण आहे. आईची पाच घरं मागून झालेली, पुन्हा त्याच दारात जायचं नाही, आणि नव्या दारात जाण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

मग मी गेले. फीत नव्हती, भाषण नव्हतं. पहिल्याच दारात बाई म्हणाली, "पुन्हा आलीस? आता कुणाच्या नावाने?" आणि दार लावलं. दुसरीने खिडकीतूनच हात हलवला. खरंच होतं त्यांचं. मी उन्हात वाडीमागून वाडी फिरत राहिले, कुठे चाललेय याचंही भान नव्हतं. सगळे जिने सारखे दिसायला लागले.

शेवटी एका तळमजल्यावरच्या खोलीच्या दारात थबकले. आत एक बाई पापड लाटत होती, शेजारी चटईवर तिचं तान्हं पाय झाडत होतं. मी हिला ओळखत होते. हिचा नवरा सत्याग्रहात तुरुंगात गेलेला होता. आम्ही ज्यांच्यासाठी मागत हिंडलो, ती हीच की!

"मंडळाकडून तुमच्याकडे कुणी आलं होतं का हो?" न राहवून मी विचारलं.

"आलं होतं ना. कपडे मागायला," ती म्हणाली. "ह्यांचे दोन सदरे दिले. म्हटलं, आपल्यापेक्षाही कुणाचं वाईट चाललं असेल."

ओढणी नव्हती, पदर नव्हता, मी फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पसरला आणि म्हणाले, "आमच्या वहिनीची दोन बाळं गेली. तिला द्या."

तिने पुढे काही विचारलं नाही. पोळपाट बाजूला सारला, पिठाचे हात पुसले, चटईवरच्या पोराला उचललं आणि त्याच्या अंगातलं झबलं काढून माझ्या घेरात टाकलं. ते अजून गरम होतं. "वाळव हो घरी गेल्यावर. ओलं केलंय त्याने," ती म्हणाली, आणि तिने आपल्या उघड्या पोराला पदराखाली घेतलं. मी रस्त्यात रडले. हमसाहमशी रडले, लोक बघत होते तरी.

घरी येऊन ते वहिनीच्या मांडीवर ठेवलं. तिने सवयीने नाकाशी नेलं आणि "ई, शू आहे गं बाई!" म्हणून एकदम हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. मग म्हणाली, "भात आहे का थोडा?" आई स्वयंपाकघराकडे धावली.

हे ऐकून बाबा आतून बाहेर आले. कितीतरी दिवसांत ते आमच्यात बसले नव्हते. त्यांनी वहिनीपुढे हात केला, सुनेपुढे, आणि ते झबलं मागून घेतलं. मोरीत जाऊन स्वतः धुतलं. जन्मात रुमाल धुतला नव्हता त्यांनी. मग ते गॅलरीत निघाले, दोरीवर वाळत घालायला.

"अहो, बाहेर कुठे? लोकांना दिसेल ना!" आई ओरडली.

"दिसू दे," बाबा म्हणाले. "सगळ्यांना सांगा. मला सांगितलं नाहीत, त्याने काय झालं बघितलंत ना?" त्यांनी ते दोरीवर टाकलं आणि समोरच्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात, मोर्चात कधी न काढलेल्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडे बाळ येणार आहे हो! जुनं काही असेल तर द्या!"

समोरच्या गॅलरीत दारं उघडायला लागली.

वहिनीला मुलगी झाली. पापडवालीच्या पोराचं झबलं तिला ढगळ होत होतं, बाह्या दुमडून घातलं. वहिनी तिला घेऊन जिना चढली तेव्हा एकाही बाईने आपलं दार लोटलं नाही.